०.९९९… म्हणजे १ कसं? गणितातल्या न पटणाऱ्या पण खऱ्या गोष्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात आठवी ते बारावीच्या मुलांना मी गणित शिकवते. अभ्यासक्रम पुरा करायच्या घाईत काही प्रश्न फळ्यापर्यंत पोचतच नाहीत, आणि नेमके तेच मुलं वर्ग सुटल्यावर जिन्यात गाठून विचारतात. पुन्हा पुन्हा येणारे असे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. काही पालकांचेही आहेत. एक विनंती आहे: मॅडमनी सांगितलं म्हणून काहीही मान्य करू नका. न पटणं चांगलंच आहे, फक्त कोणती पायरी पटत नाही तिच्यावर नेमकं बोट ठेवा.

०.९९९… हे १ च्या अगदी जवळ आहे, की खरोखरच १ आहे?

खरोखरच १ आहे. "जवळजवळ" नाही, "व्यवहारात धरायला हरकत नाही" असंही नाही. ७ + ५ आणि १२ जितके समान, तितकेच हे दोन समान.

आधी त्या तीन टिंबांचा अर्थ ठरवू, कारण सगळा घोळ तिथंच होतो. मुलांच्या मनात बहुतेक वेळा असं चित्र असतं की कुणीतरी नऊपुढं नऊ लिहीत बसलंय आणि संख्या हळूहळू १ कडे सरकतेय, पण पोचत नाही. ०.९, मग ०.९९, मग ०.९९९ ही यादी तशी सरकते हे खरं आहे. त्या यादीतली एकही संख्या १ नाही, हेही खरं. पण ०.९९९… हे त्या यादीतल्या कुठल्याही संख्येचं नाव नाही. ती यादी ज्या एका ठरलेल्या संख्येला हवी तितकी जवळ जाते आणि जवळच राहते, त्या संख्येचं ते नाव आहे. संख्या कुठं सरकत नसते. १/२ जसा संख्यारेषेवर आपल्या जागी आहे, तसंच ०.९९९… सुद्धा आपल्या जागी आहे. प्रश्न एवढाच की ती जागा कोणती.

समजा ती १ च्या डावीकडं आहे. मग दोघांत काहीतरी अंतर हवं. किती? तुम्ही म्हणालात, एक लाखांश. पण पाच नऊ लिहिले तेव्हाच अंतर एक लाखांश झालं होतं, सहाव्याला ते त्याहून कमी झालं. एक अब्जांश म्हणालात तर दहा नऊ पुरे होतात. शून्याहून मोठं कितीही बारीक अंतर सांगा, नऊंची रांग त्याला मागं टाकते. म्हणजे खरं अंतर शून्याहून मोठ्या प्रत्येक संख्येपेक्षा लहान आहे, आणि ते ऋण तर नक्कीच नाही. वास्तव संख्यांमध्ये अशी एकच संख्या आहे, शून्य. दोन संख्यांतलं अंतर शून्य असेल तर त्या दोन संख्या नाहीतच, एकच आहे.

पण मॅडम, शेवटी ०.०००…१ एवढा फरक राहतोच की?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण यात मुलानं स्वतः काहीतरी मांडायचा प्रयत्न केलेला असतो.

दशांश चिन्हानंतर पहिलं स्थान असतं, दुसरं असतं, दहा लाखावं असतं. प्रत्येक स्थानाला त्याचा क्रमांक असतो आणि तो क्रमांक साधी नैसर्गिक संख्या असते. आता सांगा, तुमचा हा १ कितव्या स्थानावर आहे? "हजाराव्या" म्हणालात तर त्याआधी ९९९ शून्यंच आहेत, अनंत नाहीत. "अनंत शून्यांनंतरच्या" म्हणालात तर अशा स्थानाला क्रमांकच नाही, म्हणजे दशांश लेखनात ते स्थानच नाही. ०.०००…१ ही चिन्हं कागदावर काढता येतात, पण ती कुठल्याही वास्तव संख्येला दाखवत नाहीत. शेवटचा नऊ नाही, म्हणून शेवटी उरणारा एकही नाही.

१/३ = ०.३३३…, त्याला तीननं गुणलं की झालं. मग एवढं लांबण कशाला?

ती सिद्धता बरोबर आहे, पण मला ती अपुरी वाटते. ज्याला ०.९९९… बद्दल शंका आहे त्यानं ०.३३३… बद्दलही तेवढीच शंका घ्यायला हवी. एकाला बिनबोभाट मान्य करायचं आणि दुसऱ्यावर अडून बसायचं, हे बरोबर नाही. ०.३३३… ची सवय सहावी-सातवीपासून झालेली असते, एवढाच काय तो फरक.

दुसरी सिद्धता नववीतल्या पद्धतीची. स = ०.९९९… धरा. मग १०स = ९.९९९…. वजाबाकी केली की ९स = ९, म्हणून स = १. सुरेख आहे. पण तीच युक्ती इथं लावून पाहा: स = १ + २ + ४ + ८ + …. दोननं गुणलं की २स = २ + ४ + ८ + …, म्हणजे स − १. त्यावरून स = −१. सगळ्या धन संख्या मिळवल्या आणि उत्तर ऋण आलं!

पायऱ्या दोन्हीकडं सारख्याच आहेत. फरक असा की पहिल्या उदाहरणात स ही संख्या खरोखर अस्तित्वात आहे, दुसऱ्यात ती नाहीच. तिथली बेरीज कुठल्याच संख्येपाशी थांबत नाही. नसलेल्या संख्येला नाव देऊन तिच्यावर गणितं केली की काहीही निघतं. म्हणून "स धरा" म्हणण्याआधी स आहे हे दाखवावं लागतं, आणि वरचं अंतराचं लांबण नेमकं तेच काम करतं.

दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर १ ÷ ३ × ३ केलं तर ०.९९९९९९९ येतं. म्हणजे ते १ नाहीच ना?

त्या पडद्यावरची संख्या १ नाही, बरोबर. तिथं सातच नऊ आहेत आणि ती १ पेक्षा एक कोट्यंशानं लहान आहे. आठ आकडी यंत्रानं १/३ चे पुढचे सगळे ३ कापून टाकले, म्हणून असं झालं. सात नऊ आणि न संपणारे नऊ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे कापणं किती महागात पडू शकतं याचं एक उदाहरण मी दरवर्षी सांगते. आपण दहा पायावर, म्हणजे ० ते ९ या दहा अंकांत लिहितो, म्हणून १/१० हा आपल्याला साधा ०.१ दिसतो. संगणक दोन पायावर, म्हणजे फक्त ० आणि १ मध्ये लिहितो, आणि तिथं १/१० हा अखंड आवर्ती होतो, म्हणजे तेच आकडे न संपता पुन्हा पुन्हा येतात. १९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या दहरान इथल्या अमेरिकी पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजत होतं, आणि हा आवर्ती अपूर्णांक २४ बिटांवर (दोन पायातल्या २४ अंकांवर) कापलेला होता. एका मोजणीतली चूक नगण्य होती. यंत्रणा शंभर तास सलग चालू राहिल्यावर ती साचून सुमारे ०.३४ सेकंद झाली. तेवढ्या वेळात येणारं स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. २५ फेब्रुवारीला ते अडवता आलं नाही आणि २८ सैनिक मारले गेले. "याचा उपयोग काय" असं विचारणाऱ्या पालकांनाही मी हेच सांगते.

एकाच संख्येची दोन रूपं कशी असू शकतात?

१/२, २/४ आणि ५०/१०० ही एकाच संख्येची रूपं आहेत, त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. दशांशातही तसंच आहे. ०.५ = ०.४९९९…, २.३७ = २.३६९९९…. शून्य सोडून प्रत्येक खंडित, म्हणजे कुठंतरी संपणाऱ्या, दशांशाला असा एक जुळा भाऊ असतो. बाकीच्या संख्यांना मात्र एकच रूप असतं. हे लक्षात ठेवा, पुढं कँटर या गणितज्ञापाशी उपयोगी पडेल.

१/७ चे आकडे पुन्हा पुन्हा का येतात?

हे भागाकार करतानाच दिसतं, फक्त आपण उत्तराकडं बघत बसतो आणि बाकीकडं बघत नाही. सातनं भागताना बाकी १ ते ६ यांपैकीच काहीतरी असू शकते. शून्य आली तर भागाकार संपला. म्हणजे जास्तीत जास्त सहा पायऱ्यांनंतर एखादी जुनी बाकी परत येणारच, आणि बाकी तीच आली की पुढचे सगळे आकडे त्याच क्रमानं येणार. म्हणून परिमेय संख्येचा दशांश एकतर खंडित असतो, नाहीतर आवर्ती. अतिसंक्षिप्त रूपात छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असतील तरच तो खंडित होतो.

१/७ = ०.१४२८५७१४२८५७…. आता १४२८५७ ला २ नं गुणा: २८५७१४. ३ नं: ४२८५७१. ४ नं: ५७१४२८. ५ नं: ७१४२८५. ६ नं: ८५७१४२. तेच सहा आकडे, तोच क्रम, फक्त सुरुवात दुसरीकडून. कारणही तेच आहे: २/७ चा भागाकार म्हणजे १/७ चाच भागाकार, बाकी २ असलेल्या पायरीपासून सुरू केलेला.

आणि ७ नं गुणलं तर? ९९९९९९. हे पहिल्यांदा पाहिलं की मुलं गप्प होतात. कारण यातून थेट निघतं की ७ × ०.१४२८५७… = ०.९९९९९९…. सात सप्तमांश म्हणजे पूर्ण एक, यावर तर कुणाची शंका नसते. ०.९९९… ला १ मानायचं नसेल तर सात सप्तमांशांनाही एक म्हणता येणार नाही.

सगळ्या मूळ संख्या इतक्या उदार नसतात. १/११ मध्ये दोनच आकडे फिरतात, १/१३ मध्ये सहा. १/१७ मध्ये मात्र पुरे सोळा आणि १/९७ मध्ये ९६. छेद मूळ असेल तर त्याहून एक कमी इतके आकडे फिरणं ही कमाल मर्यादा. ही मर्यादा गाठणाऱ्या मूळ संख्या अनंत आहेत का? आहेत, असा अंदाज आहे. त्याच्या मुळाशी असलेलं अनुमान एमिल आर्टिन यांनी १९२७ मध्ये मांडलं, आणि त्याची पूर्ण सिद्धता आजही झालेली नाही. सातवीतल्या भागाकारातून इतक्या थोड्या पावलांत न सुटलेल्या प्रश्नापर्यंत पोचता येतं, हे मला दरवेळी नव्यानं थरारक वाटतं.

अनंत ही संख्या आहे का? १ ला ० नं भागलं की अनंत येतं ना?

शाळेत शिकतो त्या अर्थानं अनंत ही संख्या नाही, आणि १/० ला काही किंमत नाही. १/० = क असेल तर ० × क = १ व्हायला हवं, आणि शून्यानं कशालाही गुणलं तरी शून्यच येतं.

पण ज्यांना १/० = अनंत असं वाटतं ते फार मोठ्या माणसाच्या सोबतीला आहेत. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात, 'बीजगणित' या आपल्या ग्रंथात, शून्यानं भागलेल्या राशीला "खहर" म्हटलं आणि तिच्याबद्दल असं लिहिलं की तिच्यात काही घातलं किंवा तिच्यातून काही काढलं तरी तिच्यात बदल होत नाही; प्रलयकाळी आणि सृष्टिकाळी प्राणिमात्र अच्युतात शिरतात आणि बाहेर पडतात, तरी तो जसा बदलत नाही तसं. शून्यानं भागायला आजचं गणित परवानगी देत नाही, पण "मिळवलं-वजा केलं तरी तेवढंच" हा अनंताचा गुण त्यांनी अचूक पकडला होता. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव यांनी मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणे इथं आहे. सहल काढायची तर अशा ठिकाणी काढावी, असं माझं मत आहे.

सम संख्या नैसर्गिक संख्यांच्या निम्म्या असतात. मग दोन्ही "तितक्याच" कशा?

"तितक्याच" म्हणजे काय, हे ठरवल्याशिवाय हा वाद मिटत नाही. मोजून पाहणं शक्य नाही, कारण मोजणी संपणारच नाही. मग एक-एकाची जोडी लावायची. दोन्हीकडं कुणी उरलं नाही तर दोन्ही तितकेच. १ ला २, २ ला ४, ३ ला ६, कोणत्याही नैसर्गिक संख्येला तिची दुप्पट. एकही नैसर्गिक संख्या एकटी राहत नाही, एकही सम संख्या एकटी राहत नाही. गॅलिलिओनं १६३८ मध्ये वर्गसंख्यांबाबत हेच दाखवलं होतं आणि अनंताच्या बाबतीत "जास्त-कमी" हे शब्द वापरूच नयेत, असा निष्कर्ष काढला होता.

जर्मन गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट यांनी १९२४ च्या सुमारास व्याख्यानांत एका अनंत खोल्यांच्या हॉटेलची कल्पना मांडली. मी ते हॉटेल भवानी मंडपाजवळचं यात्री निवास करून सांगते. नवरात्र आहे, अंबाबाईच्या दर्शनाला लोटलेल्या गर्दीनं सगळ्या खोल्या भरल्यात, आणि रात्री आणखी एक कुटुंब दारात उभं राहतं. व्यवस्थापक प्रत्येकाला पुढच्या क्रमांकाच्या खोलीत जायला सांगतो. पहिली खोली रिकामी होते. थोड्या वेळानं अनंत यात्रेकरूंची एक दिंडीच येते. तेव्हा तो प्रत्येकाला आपल्या खोलीच्या दुप्पट क्रमांकाच्या खोलीत पाठवतो, आणि विषम क्रमांकाच्या सगळ्या खोल्या मोकळ्या होतात. कुणालाही बाहेर काढावं लागत नाही.

"भरलंय" आणि "जागा नाही" या दोन गोष्टी आपण एकच मानतो, कारण आपण पाहिलेली प्रत्येक इमारत सांत, म्हणजे मर्यादित, असते. अनंतात त्या वेगळ्या होतात. जो संच काही वगळून उरलेल्या आपल्याच एखाद्या भागाइतका असतो तो अनंत, अशी व्याख्याच जर्मन गणितज्ञ डेडेकिंड यांनी एकोणिसाव्या शतकात केली होती. गॅलिलिओला जी अडचण वाटली तीच व्याख्या झाली.

मग सगळे अनंत सारखेच का?

नाहीत. या पानावरचं सर्वांत मोठं आश्चर्य मला हेच वाटतं.

अपूर्णांक दिसायला खूप जास्त वाटतात, पण अंश आणि छेद यांची बेरीज २ असलेले आधी, मग ३, मग ४, असं लिहीत गेलं तर सगळे एका रांगेत बसतात. प्रत्येकाला क्रमांक मिळतो. म्हणजे ते नैसर्गिक संख्यांइतकेच. पण ० आणि १ यांच्यामधल्या सगळ्या वास्तव संख्यांची अशी रांग लावता येत नाही. गेऑर्ग कँटर यांनी हे १८७४ मध्ये सिद्ध केलं, आणि १८९१ मध्ये दिलेली त्यांची कर्णाची रीत तर दहावीच्या मुलालाही समजते.

कुणी म्हणालं, माझ्याकडं पूर्ण यादी आहे. ठीक. पहिल्या संख्येचा पहिला दशांश आकडा बघा. तो ५ असेल तर ४ लिहा, नसेल तर ५ लिहा. दुसऱ्या संख्येचा दुसरा आकडा, तिसरीचा तिसरा, असंच पुढं. जी संख्या तयार झाली ती पहिलीपेक्षा पहिल्या स्थानी वेगळी, दुसरीपेक्षा दुसऱ्या, शंभरावीपेक्षा शंभराव्या. म्हणजे ती यादीत कुठंच नाही. यादीत तिला घालून नवी यादी केली तर? त्या यादीतूनही अशीच एक सुटते.

४ आणि ५ च का? कारण मघाचे ते जुळे भाऊ. आपण नऊ आणि शून्य वापरले असते तर तयार झालेली संख्या ०.०९९९… सारखी निघू शकली असती, आणि आकडे वेगळे दिसूनही ती यादीतल्या ०.१ इतकीच असती. ४ आणि ५ नी ती पळवाट बंद होते. ०.९९९… = १ ही नुसती गंमत म्हणून शिकलेल्याला ही पळवाट दिसत नाही.

कँटर यांनाही आपले निष्कर्ष सहज पचले नाहीत. रेषाखंडावर जितके बिंदू, तितकेच अख्ख्या चौरसात, हे सिद्ध केल्यावर १८७७ मध्ये डेडेकिंड यांना लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात: मला दिसतंय, पण विश्वास बसत नाही.

अनंत संख्यांची बेरीज सांत येते म्हणता. मग लहान लहान होत जाणाऱ्या संख्यांची बेरीज नेहमीच सांत का नाही?

१/२ + १/४ + १/८ + … = १ हे बहुतेकांना चित्र काढल्यावर पटतं. त्यावरून मुलं नियम बांधतात की पदं शून्याकडं गेली की बेरीज थांबते. हा नियम खोटा आहे.

१ + १/२ + १/३ + १/४ + … घ्या. १/३ + १/४ हे १/२ पेक्षा जास्त. पुढच्या चार पदांची बेरीज पुन्हा १/२ पेक्षा जास्त. पुढच्या आठांची पुन्हा. असे अर्धे कधीच संपत नाहीत, म्हणून बेरीज कुठलीही मर्यादा ओलांडते. फ्रान्समधल्या निकोल ओरेम यांनी हे चौदाव्या शतकात दाखवलं. पण ती इतकी सावकाश वाढते की कुठल्याही संगणकाला ती थांबल्यासारखी वाटेल. १० ओलांडायला १२,३६७ पदं लागतात, २० ओलांडायला २७,२४,००,६००. सेकंदाला एक पद मिळवत बसलात तर २० पार करायला आठ वर्षांहून जास्त लागतील. नुसते आकडे बघून अनंताबद्दल काही ठरवू नये, ते याचसाठी.

यापुढची गोष्ट आणखी धक्कादायक आहे. चिन्हं आलटून-पालटून घ्या: १ − १/२ + १/३ − १/४ + …. ही बेरीज सांत आहे, साधारण ०.६९३. आता तीच पदं, एकही न गाळता, वेगळ्या क्रमानं लावा, एका धन पदामागं दोन ऋण: १ − १/२ − १/४ + १/३ − १/६ − १/८ + …. यात १ − १/२ म्हणजे १/२, १/३ − १/६ म्हणजे १/६. एकूण झालं १/२ − १/४ + १/६ − १/८ + …, जे मूळ मालिकेच्या बरोबर निम्मं आहे! क्रम बदलला आणि बेरीज निम्मी झाली. रीमान यांनी तर दाखवलं की अशा मालिकेची पदं योग्य क्रमानं लावून तुम्हाला हवी ती बेरीज काढता येते. "क्रम बदलला तरी बेरीज तीच" हा नियम सांत बेरजेसाठी सिद्ध झालेला आहे. अनंतासाठी तो आपोआप लागू होत नाही.

१ + २ + ३ + … = −१/१२ हे खरं आहे का?

शाळेतल्या बेरजेच्या अर्थानं नाही. ती बेरीज वाढतच जाते. −१/१२ ही किंमत वेगळ्या अर्थानं जोडली जाते: रीमानचं झीटा नावाचं एक फलन आहे, त्याचा विस्तार केला की −१ या ठिकाणी ती मिळते. रामानुजन यांनी १९१३ मध्ये इंग्लंडमधले गणितज्ञ हार्डी यांना पाठवलेल्या पत्रात हे विधान होतं, आणि वाचणारा वेडा म्हणेल याची त्यांना कल्पना होती. पाच मिनिटांच्या व्हिडिओत पदं सरकवून जी "सिद्धता" दाखवतात ती वरच्या "स = −१" सारखीच आहे. त्यातून रामानुजन समजत नाहीत.

अनंत सोडून साध्या गणितात असं काही आहे का?

भरपूर. माझं आवडतं रंकाळ्यावरचं आहे. तलावाभोवती एक दोरी ताणून बांधली, असं समजा. आता तीच दोरी सगळीकडून एक मीटर बाहेर सरकवायची आहे. किती जास्त दोरी लागेल? आणि पृथ्वीच्या विषुववृत्ताभोवती, म्हणजे सुमारे ४०,०७५ किलोमीटरच्या दोरीला सगळीकडून एक मीटर उचलायचं तर किती?

दोन्हीकडं सारखीच, सुमारे ६.२८ मीटर. वर्तुळासाठी कारण सरळ आहे: त्रिज्या १ नं वाढली की परीघ २ × पाय (π) इतकाच वाढतो, मूळ त्रिज्या कितीही असो. रंकाळा गोल नाही, पण त्यानं बिघडत नाही. ताणलेल्या दोरीच्या सरळ भागांना समांतर सरकवताना काहीच जास्त लागत नाही, फक्त वळणांवर लागतं. आणि एक फेरी पूर्ण करताना सगळी वळणं मिळून नेमकं एकच पूर्ण वर्तुळ होतं.

दुसरं शाहू स्टेडियमवरचं. मैदानात दोन्ही संघांचे २२ खेळाडू आणि एक पंच, असे २३ जण. त्यांतल्या कुणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, ५०.७ टक्के. आपण मनात "माझ्या तारखेचा कुणी आहे का" असा हिशोब करतो, पण इथं कुठलीही जोडी चालते, आणि २३ जणांत २५३ जोड्या असतात. सगळे दिवस सारख्याच शक्यतेचे धरून हा आकडा येतो. आपल्याकडच्या जुन्या पिढीत शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली १ जून ही तारीख इतक्यांची आहे की ज्येष्ठांच्या मेळाव्यात जोडी सापडायला २३ जणही लागायचे नाहीत.

महाराष्ट्रातल्या कुणी असं काही शोधलंय का?

हो. देवळालीत शाळामास्तर असलेल्या द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये पुढं आणलेली गोष्ट बघा. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजा करा. हेच करत राहा. १९४९ च घेऊ:

९९४१ − १४९९ = ८४४२
८४४२ − २४४८ = ५९९४
९९५४ − ४५९९ = ५३५५
५५५३ − ३५५५ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

आणि ६१७४ वर तेच केलं की पुन्हा ६१७४. कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथंच येता. सिग्नलला थांबल्यावर समोरच्या एमएच ०९ च्या पाटीवरचे चार आकडे घेऊन माझी मुलं हे करतात.

याला जादू म्हणू नका, कारण मागचं बीजगणित तितकंच सुंदर आहे. उतरत्या क्रमातले अंक क, ख, ग, घ असतील तर वजाबाकी नेहमी ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग) येते. म्हणजे फक्त दोन फरक महत्त्वाचे. त्यांच्या शक्य जोड्या अवघ्या ५४. एवढ्या तपासल्या की सगळ्या चार अंकी संख्यांचा निकाल लागतो.

कापरेकरांच्या नावानं संख्यांचा आणखी एक प्रकार ओळखला जातो: वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे करायचे, मिळवायचे, आणि सुरुवातीची संख्या परत यायची. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. आपली १/७ वालीच.

मुलाला यातलं काय आणि कधी सांगावं?

पाचवी-सहावीत कापरेकर. वजाबाकीचा सराव होतो आणि कंटाळा येत नाही. सातवीत १/७ चा भागाकार, पण प्रत्येक पायरीवर उरलेल्या बाकीला गोल करायला लावून. ०.९९९… नववीत, वास्तव संख्या शिकताना. कँटर दहावीची परीक्षा झाल्यावरच्या सुट्टीत, तेव्हा मुलांकडं वेळ असतो आणि गुणांची भीती नसते.

भीती नसणं महत्त्वाचं आहे. "एवढं पण कळत नाही?" असं एकदा म्हटलं की मूल पुन्हा विचारत नाही. ०.९९९… वर अडलेलं मूल नेमक्या अवघड जागी अडलेलं असतं. हा प्रश्न नीट मिटायला गणिताला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं.

आणि कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून १/१७ एकदा हातानं करायला द्या. आठ आकडी यंत्रावर त्याचं आवर्तन दिसतच नाही. मुलाचं उत्तर ताडून बघायला सोळा आकडे इथं देते: ०५८८२३५२९४११७६४७. जमलं तर त्याचे आठ-आठचे दोन तुकडे करून बेरीज करायला सांगा.